सर्व स्थितीत उपकारस्तुती करायची म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं?

मेकोसाबागची_लेक

सगळ्यांना जय ख्रिस्त. खूप दिवसांपासून विचारायचं होतं, आज विचारूनच टाकते, लांब होईल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी फेब्रुवारीपासून जरा बिकटच चालू आहे. ह्यांची बुटीबोरीकडची नोकरी गेली, एका शुक्रवारी बोलावून सांगितलं सोमवारपासून येऊ नका, दोन महिन्यांचा पगार अजून अडकून आहे. सासूबाईंना मागच्या वर्षी लकवा मारला तेव्हापासून उजवी बाजू चालत नाही, त्यांचं सगळं पलंगावरच. मी घरी ट्यूशन घेते, सातवी-आठवीची अकरा पोरं येतात, त्यावरच भागवून राहिलो. त्यात मेच्या पहिल्या आठवड्यात कूलरची मोटर जळली. ४५ मध्ये कूलर बंद म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको, आणि सासूबाई तर उठून दुसऱ्या खोलीत पण जाऊ शकत नाहीत.

तर मागच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ होती, पाळकसाहेब म्हणाले प्रत्येकानं एकेक गोष्ट सांगा ज्याबद्दल देवाचे आभार मानता. माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि म्हणाले सगळं चांगलं चालू आहे, प्रभूची स्तुती असो. आणि खाली बसले. घरी येताना ॲक्टिव्हावर इतकी रडले की सदरच्या सिग्नलला बाजूला घेऊन थांबावं लागलं. देवाच्या घरात उभं राहून मी खोटं बोलले असं वाटलं.

त्यात आमच्या महिला मंडळातल्या एक मोठ्या बाई, त्यांचा हेतू चांगलाच असेल, म्हणाल्या बेटा तू मनापासून आभार मानत नाहीस म्हणूनच आशीर्वाद अडलाय. तेव्हापासून झोप नाही नीट.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहायला घेतल्या. नवरा, मुलगा, डोक्यावर छप्पर. दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण. नवव्या दिवशी पाहिलं तर नऊ पानांवर तेच तीन शब्द, हात लिहून राहिला होता आणि मन दुधाच्या बिलात होतं. वही बंद केली.

माझं विचारणं एवढंच की बायबलमध्ये, १ थेस्सलनी ५:१८ मध्ये, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हटलंय, ते तुम्ही घरात, कामावर, अडचणीत खरोखर कसं करता? सासूबाईंच्या लकव्याबद्दल पण आभार मानायचे का? मला प्रवचन नको आहे, कृपया राग मानू नका, तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.

अजनी_लोकोशेडवाला

पोरी, सलाम. मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस हाओ, मले काही वचनं बिचनं फोडून सांगता येत नाई, ते दुसरे सांगतीन. मी माह्यं सांगतो.

माही बायको कॅन्सरनं गेली, सहा वर्षं झाली. मी तिच्या कॅन्सरबद्दल देवाचे आभार कधी मानले नाई, एक दिवस पण नाई, अन् मले नाई वाटत का देवानं मले त्याच्याबद्दल कधी इचारलं असन. पण त्या वार्डातल्या एका रातीबद्दल मी अजून पण आभार मानतो, ते सांगतो.

डिसेंबरची रात होती. बाजूच्या पलंगावर कामठीकडचे एक मुसलमान आजोबा होते, त्याईचा पोरगा रातभर खाली सतरंजी टाकून बसायचा. त्या राती हिले खूप दुखून राहिलं होतं, मी पाय चेपून राहिलो होतो, अन् माह्या मनात देवाबद्दल जे जे येऊन राहिलं होतं ते मी इथं लिहू शकत नाई. दोनच्या सुमारास तो पोरगा उठला, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, मले देला, अन् काही न बोलता माह्या जागेवर बसून तिचे पाय चेपाले लागला. म्हणे काका तुम्ही पाठ टेका थोडी. त्या झाकणाले एका बाजूनं खोच पडली होती, ओठाले लागायची. मी चहा पेलो अन् माह्या तोंडातून आपोआप निघालं, प्रभू तुझे उपकार. सहा महिन्यांत पहिल्यांदा निघालं होतं. कोणी म्हणाले लावलं नव्हतं.

तेव्हापासून माही एकच सवय हाय. सकाळी उठलो का चहा करतो, पहिला घोट घ्यायच्या आधी कप हातात धरून त्या पोराचं नाव घेतो, मंग काल ज्या माणसानं काही केलं त्याचं नाव घेतो. भाजीवालीनं सांभार (कोथिंबीर) वरून टाकला तर तिचं. नातीनं मोबाईल शिकवला तर तिचं. नावं घ्याची, बस. कधी कधी नाव सापडत नाई मंग थंडा होईपर्यंत कप धरून बसतो, सापडते.

तुह्या कूलरच्या मोटरीचं काय झालं? रिवाइंडिंग करून पाह्यली का? नवीन घेऊ नको लगेच, आमच्या इकडं एक मिस्त्री हाय तो चांगली बांधून देते. पत्ता पाहिजे असन तर सांग.

संडेस्कूल_टीचर_सदर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. प्रवचन नको म्हणालात तरी मी थोडं वचनाकडे जाणार आहे कारण त्या बाई जे बोलल्या ते मला सहन नाही झालं.

आभार मानले नाहीत तर आशीर्वाद अडतो, हे कुठून आलं माहीत नाही, पण लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. दहा जण बरे झाले, एक परत आला, तो पण शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नव्हते. येशूनं विचारलं बाकीचे नऊ कुठं आहेत. आता मी मुलांना ही गोष्ट शिकवते तेव्हा दरवर्षी कोणीतरी एक पोरगं विचारतंच की मग त्या नऊ लोकांना पुन्हा कुष्ठरोग झाला का टीचर. आणि मी त्यांना सांगते अध्याय उघडा आणि शोधा. नाही झाला. कुठंच लिहिलेलं नाही. येशूला वाईट वाटलं हे दिसतं, पण त्यानं दिलेलं परत काढून घेतलं नाही. न म्हटलेल्या थँक्यूची वसुली करणारा देव तो नाही, आणि तुम्ही तर ताई त्या नऊमधल्या पण नाही, तुम्ही तर परत येऊन विचारून राहिल्या.

दुसरं, सासूबाईंच्या लकव्याबद्दल. थेस्सलनीकरांच्या पत्रात शब्द आहे सर्व स्थितीत. त्या स्थितीच्या आत असताना. लकव्याबद्दल आभार मान असं तिथं म्हटलेलं नाही. हे पत्र ज्यांना लिहिलं ती मंडळी स्वतः छळ सोसत होती आणि ते लिहिणारा पौल तिथून रात्रीतून निघून गेलेला होता, म्हणजे चांगल्या दिवसांत बसून दिलेला सल्ला नाही हा. पण मी प्रामाणिक राहते, कारण उद्या कोणी तुम्हाला इफिसकरांस ५:२० दाखवेल, तिथं मात्र सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करा असंच आहे. त्या वचनानं मला पण बरीच वर्षं त्रास दिला. मला आत्ता जे समजतं ते असं की पौल तिथं एकत्र गाणाऱ्या मंडळीशी बोलतोय, स्तोत्रं गात एकमेकांशी बोला म्हणतोय, आणि स्तोत्रांमध्ये रडणं भरपूर आहे. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तर विलापाचीच आहेत. तेरावं काढून वाचा, सहाच ओव्या आहेत. सुरुवातीलाच दावीद विचारतो परमेश्वरा तू कुठवर मला विसरणार, आणि शेवटी त्याच दमात तो देवाच्या उपकारांचं गाणं म्हणतो. मधे त्याची परिस्थिती बदलल्याचं काही दिसत नाही.

त्यामुळे रविवारी उभं राहून तुम्ही असं म्हणाला असता की ह्यांची नोकरी गेली, मी थकले आहे, तरी देवाला सोडून मी कुठं जाऊ, तर ती पण साक्षच झाली असती. पुढच्या वेळी म्हणा. आमच्याकडे कोणी असं बोललं तर आधी शांतता पसरते आणि मग उपासना संपल्यावर चार जण तुमच्याभोवती येतात.

मोहननगर_आई

आम्ही कॅथलिक, चालेल ना इथं लिहिलेलं 🙂

तुमची नऊ पानांची वही वाचून लिहावंसं वाटलं कारण माझं पण तसंच झालं होतं. मग आमच्या एका सिस्टरनं सांगितलं की तू यादी करून राहिली, दिवस आठवून नाही राहिली. संत इग्नाशियसनं सोळाव्या शतकात रात्रीच्या आत्मपरीक्षणाची पद्धत लिहून ठेवली आहे, पाच पायऱ्या, आणि पहिली पायरी आभाराची. आपलं काय चुकलं ते शोधणं नंतर येतं. मला आधी ते उलटं वाटायचं, मी थेट माझ्या चुकांवर जायची आणि रडत झोपायची.

मी करते ते असं. लाईट बंद केल्यावर सकाळपासूनचा दिवस डोळ्यासमोरून सोडते, दूधवाला आला, पोरांचे डबे, पाण्याचा नळ, ऑफिस, भांडण, सगळं. आणि एक जागा येते जिथं मन थोडं थांबतं. बस त्या जागेवर थँक्यू. कधी फारच बारीक असते. परवा पाणी साडेसहाला आलं आणि टाकी भरेपर्यंत टिकलं, तिथं थांबले. छप्पर, नवरा, मुलं हे मोठे शब्द आहेत, मोठ्या शब्दांना पकड राहत नाही. आज नवऱ्यानं काय केलं? तुमच्या सासूबाई डाव्या हातानं काय करतात? ते पाहा.

मुलांसोबत जेवताना पण करतो, प्रत्येकानं एक सांगायचं की आज मला कोणी काय दिलं. आधी आमची लहानी रोज म्हणायची जीझसनं पोळी दिली, संपलं. आता म्हणते व्हॅनवाले काका दोन मिनिटं जास्त थांबले कारण माझा बूट सापडत नव्हता. ती शोधायला लागली आहे.

आणि एक, मिस्सा म्हणा की प्रभुभोजन म्हणा, त्याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, युखरिस्त, त्याचा अर्थच उपकारस्तुती. ज्या रात्री येशूला धरून दिलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. पुढं काय होणार ते माहीत असताना. त्यानं क्रुसाबद्दल थँक्यू म्हटलं असं नाही लिहिलं, थोड्या वेळानं तर बागेत तो रडून म्हणाला हा प्याला काढून घे. पण भाकरीबद्दल म्हटलं. मला हे दोन्ही एकाच रात्री झालं ह्याचा खूप आधार वाटतो.

नाईट_ड्युटी_सिस्टर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कोणाला लागलं तर माफ करा.

माझ्या आईला चौदा वर्षं सांगितलं गेलं की आभारी राहा. बाबा पिऊन यायचे, मारायचे, आणि मंडळीतल्या बाया म्हणायच्या निदान कमावतो तरी ना, देवाचे आभार मान, कुरकुर करू नको, इस्राएल लोक कुरकुर करत होते म्हणून रानात मेले. आई ऐकत राहिली. तिच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही.

म्हणून ताई, मला सांगायचं आहे की उपकारस्तुती हे तोंडात कोंबायचं फडकं नाही. तुमचा अडकलेला पगार हा अन्याय आहे, त्याची लेखी तक्रार करा, कामगार आयुक्तांच्या ऑफिसमध्ये जा, सिव्हिल लाईन्सकडे आहे, भाऊंना घेऊन जा, अपॉइंटमेंट लेटर आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत ठेवा. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी पोचतं. ती ओरडली म्हणून देव तिला अकृतज्ञ म्हणत नाही.

आणि हे सगळं म्हटल्यावर पण मी आभार मानते. ड्युटीवर प्रत्येक पेशंटनंतर हात धुवावे लागतात, एका रात्रीत चाळीस वेळा तरी होत असेल. पाणी हातावर पडतं तेवढा वेळ त्या पेशंटचं नाव आणि एक ओळ. कधी आभार, कधी नुसतं प्रभू हिला पाहा. आईनं शिकवलं हे, ती भांडी घासताना करायची. त्या चौदा वर्षांत पण करायची. ते मात्र तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं, म्हणून तेवढं टिकलं बहुतेक.

अजनी_लोकोशेडवाला

सिस्टर, तुह्या आईले माहा सलाम सांग.

अन् एक आठवलं म्हणून लिहितो. २९ नोव्हेंबर १९७० ले इथं आपल्या नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलले सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मी लहान होतो, बाबांचं बोट धरून गर्दीत होतो, दिसलं काही नाई मले, लोकायच्या पाठी दिसल्या फक्त. पण बाबा घरी येऊन ओसरीवर बसून रडले, अन् आम्ही घाबरलो का काय झालं. तर म्हणे आता आजोबा अन् मी एका मेजावर बसून प्रभुभोजन घेऊ. त्याईच्या दोन मंडळ्या वेगळ्या होत्या ना. मले तेव्हा समजलं नाई का ह्याच्यात रडाचं काय. दर वर्षी त्या तारखेले बाबा बाजारातून काही ना काही आणाचे, अन् ते आमच्या घरात न ठेवता कोण्या दुसऱ्याच्या घरी नेऊन द्याचे. इचारलं तर म्हणत उपकार घरात साठवला का नासते.

हार्वेस्ट फेस्टिवलले पण तेच ना. दुधीभोपळा कोणी घरच्या वेलाचा आणते, लिलावात दुसरा घेते, घेऊन परत तिथंच देते, मंग पुन्हा लिलाव. एकाच भोपळ्याचे तीनदा पैसे होतात अन् शेवटी तो जाते कोणत्या तरी विधवा बाईच्या घरी.

संडेस्कूल_टीचर_सदर

काका, हे आमच्या मुलांसमोर येऊन सांगाल का एकदा? खरंच विचारून राहिले.

आणि सिस्टर, तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर. मी वर विलापाच्या स्तोत्रांचं लिहिलं पण पगाराच्या तक्रारीचं माझ्या डोक्यातच नाही आलं, ते यायला हवं होतं.

मेकोसाबागची_लेक

सगळ्यांचे... काय म्हणू आता, आभारच. चार दिवसांनी लिहून राहिले कारण मधे खूप काही झालं, मोठं काही नाही, पण सांगते.

नोकरी मिळाली नाही अजून. तक्रार मात्र दिली, सिस्टरनं सांगितलं तसं सगळे कागद घेऊन दोघं गेलो, पोच घेतली. ह्यांनी किती महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

काका, मोटर बांधून झाली, तुमच्या मिस्त्रीकडूनच, मेसेज पाठवल्याबद्दल खूप खूप... तुमचं नाव काल रात्री घेतलं मी.

मोहननगरच्या ताईंनी लिहिलं होतं सासूबाई डाव्या हातानं काय करतात ते पाहा. मी सव्वा वर्षापासून त्यांचं सगळं करते पण असं कधी पाहिलंच नव्हतं. दुपारी मी ट्यूशन घेते तेव्हा मधलं दार उघडं असतं. पोरं पाढे म्हणतात ना, तर त्या डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर ठोका देतात, सतराचा पाढा चुकला की बोट थांबतं. त्या आधी शाळेत शिकवायच्या. परवा मी त्यांच्या पलंगाजवळ खुर्ची नेली आणि पोरांना म्हटलं पाढे आजीजवळ म्हणायचे. बोलता नीट येत नाही त्यांना, पण चुकलं की बोट वर. पोरं घाबरून बरोबर म्हणून राहिली. काल त्यांनी एका पोराला चुकल्यावर पुन्हा म्हणायला लावलं, तीनदा, आणि तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी वहीत लिहिलं. त्या दिवसाचं पान वेगळं आहे.

लकव्याबद्दल आभार अजून मानू शकत नाही आणि तुम्ही म्हणालात तसं आता त्याचं ओझं पण नाही घेत.

त्या मोठ्या बाईंशी अजून बोलले नाही. बोलायचं आहे, कधी ते माहीत नाही.

आणि कूलर बंद होता तेव्हा शेजारच्या काकू रोज दुपारी त्यांच्या फ्रीजमधली बर्फाची पातेली आणून द्यायच्या, सासूबाईंच्या पंख्यासमोर बादलीत ठेवायला. सतरा दिवस. मी रोज प्रार्थनेत देवाचे आभार मानत होते बर्फाबद्दल आणि काकूंना एकदा पण काही म्हटलं नव्हतं. काल गेले. म्हटलं काकू तुमचे खूप उपकार झाले, तुमच्यामुळे आई वाचल्या उन्हात. त्या पोळ्या लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या अगं त्यात काय, आणि मग थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसले, पीठ लागलं गालाला. मी दहा मिनिटं तिथंच ओट्याजवळ उभी राहून पोळ्या शेकल्या त्यांच्या. त्यांचं एक पातेलं आमच्याकडेच राहिलं होतं, ते पण नेऊन दिलं.